चुन्याने आखलेलं कॉलेज

गेल्या आठवड्यात टपालाने आमच्या कॉलेजची स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर जयपूरबाहेर कानोत्याला बांधलेल्या नव्या इमारतीचं रंगीत चित्र, आत अध्यक्षांचे हारांसकट फोटो. फोटो मी मोजले. चौदा. सरांचा एकही नाही. संस्थेच्या इतिहासाला दीड पान दिलं आहे. त्यात शहरातल्या जागेबद्दल एकच वाक्य आहे: तिथे काही काळ वर्ग चालले, पण 'उपस्थिति घटकर मात्र ग्यारह रह गई', म्हणून संस्थेला शहराबाहेर जावं लागलं.

हा अकरा माझा आहे. मीच मोजला, मीच लिहिला आणि सात माणसांसमोर मीच वाचून दाखवला. आकडा बरोबर आहे. मी आयुष्यात कधी चुकीचा आकडा दिलेला नाही. आणि इतका खोटा आकडाही दुसरा दिलेला नाही.

स्मरणिकेत सर नाहीत, म्हणून मी लिहितो आहे. रागाने लिहितो आहे, हेही सांगून टाकतो. त्या रागातला थोडा वाटा खुद्द सरांचाही आहे.

सर रेल्वेच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. मूळचे अकोल्याकडचे. जयपुरात बावीस वर्षं काढली तरी तोंडातली वऱ्हाडी सुटली नाही. हिंदी बोलले तरी ती वऱ्हाडीच्याच चालीवर. उंची बेताची, पाच फूट दोन इंच. चपला कायम पांढऱ्या, कारण त्या चुन्यात बुडालेल्या असत. स्वतः दिवसा मजुरी करून शिकलेले, त्यामुळे ज्यांना दिवसा शिकता येत नाही अशांसाठी त्यांनी कॉलेज काढलं होतं. नगिने म्हणजे दागिन्यांतले खडे घासणारे, कापडाच्या दुकानातले नोकर, रंगारी, गवंडी, रेल्वेत खलाशी म्हणतात ते मदतनीस. परकोट्यातली, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतली, दुकानं आणि कारखाने दहा-अकराला उघडतात. त्याआधी दोन तास शिकवायचं, अशी ती योजना.

सुरुवातीला वर्ग जवाहर नगरमधल्या एका शाळेत भरत. शाळेची मुलं साडेसातला यायची, म्हणून आमचे लोक साडेपाचला. परकोट्यातून अंधारात सायकल मारत यायचे आणि बाकावर झोपायचे. मग जुन्या शहरातल्या एका गल्लीतली नोहऱ्याची जागा कॉलेजसाठी दान मिळाली. नोहरा म्हणजे हवेलीची गुरं बांधायची मोकळी जागा. एका विधवा बाईंनी दिली होती. त्या जागेवर कॉलेजची इमारत उभी राहायची होती. नऊ वर्षांत तिथे तीन वेळा भूमिपूजन झालं, तीन कोनशिला बसल्या. कोनशिलांच्या वर एक वीट चढली नाही.

सरांनी काढलेला नकाशा मंजुरीसाठी गेला की परत यायचा. सात वेळा परत आला. एकदा झरोक्यांची संख्या शेजारच्या हवेलीशी जुळत नाही म्हणून, एकदा भिंतीचा गुलाबी रंग शब्दांत लिहिलेला नाही म्हणून, एकदा कशाला ते कोणी सांगितलंच नाही. सर दर वेळी पहिल्यापासून नवा काढायचे. खोडून दुरुस्त करणं त्यांना मान्य नव्हतं. चौथ्या खेपेला त्यांनी नकाशा कागदावर काढला आणि त्याच रविवारी सुतळी, खुंट्या आणि चुन्याची बादली घेऊन तो पूर्ण मापात जमिनीवरही काढला. सहा वर्ग, वाचनालय, प्राचार्यांची खोली, व्हरांडा, जिना. पुढच्या सोमवारपासून वर्ग तिथे भरू लागले.

मला त्यांनी बोलावलं ते हजेरी ठेवायला. मी रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या विभागात होतो. कोणती गाडी किती मिनिटं उशिरा, एवढंच माझं आयुष्य. बनी पार्कहून स्कूटरवर गेलो, सर लांब उभे दिसले, मी सरळ त्यांच्याकडे चालत निघालो.

"काहून हो, भिंतीतून काहून आले?" सर ओरडले. "दार हाये ना तिकडे!"

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत. मी चुन्याच्या रेघेच्या कडेकडेने मागे गेलो, रेघेत जिथे तीन फूट जागा मोकळी सोडली होती तिथून आत आलो, तेव्हा त्यांनी नमस्कार केला. समोरच्या ओसरीवरची माणसं पाहत होती. मी चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. त्या दिवशीही मला राग आला होता.

त्या कॉलेजात जिन्यावर बसायची परवानगी नव्हती. जिना म्हणजे जमिनीवरच्या तेरा आडव्या रेघा. "वाट अडते," सर म्हणायचे. वाचनालयात बोलायचं नाही. शेजारच्या वर्गात गवंड्यांना त्रिकोणमिती शिकवली जात असे, तिचा आवाज चार फुटांवर येत असे, पण वाचनालयातला माणूस पुस्तकातून मान वर काढत नसे. पाऊस पडला की भिंती वाहून जात आणि रविवारी सर पुन्हा घालत. एकदा गल्लीतला सांड प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसला. सर दोन तास व्हरांड्यात उभे राहून शिकवत होते. शेवटी सांड उठला आणि उत्तरेच्या भिंतीतून निघून गेला.

"त्याले दार नाई सांगितलं सर तुम्ही," सरांच्याच वऱ्हाडीची नक्कल करत कोणी तरी म्हणालं.

"तो शिकला नाई," सर म्हणाले. "तुम्ही शिकून राहिले."

वेडेपणा म्हणून मी हे सगळं दोन महिने सहन केलं. मग सुगनी आली. सुगनी समोरच्याच गल्लीतली, तिशीच्या आसपासची, लग्नाआधी बारावी झालेली, घरी बसून बांधणीच्या गाठी मारणारी. तिला बी. ए. करायचं होतं. सासूने अट घातली, की पुरुष बसतात त्या खोलीत सून बसणार नाही. सरांनी सासूला जागा पाहायला बोलावलं. म्हातारी काठी टेकत आली, सगळीकडे नजर फिरवली आणि बायका कुठे बसणार म्हणून विचारलं, "लुगायाँ कठे बैठसी?"

सरांनी दुसऱ्या वर्गाच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली, पलीकडे वेगळं दार ठेवलं. मग म्हातारीला दाखवण्यासाठी ते स्वतः अलीकडच्या भागातून पलीकडे गेले. दारातून बाहेर, व्हरांड्यातून फिरून, दुसऱ्या दारातून आत. दोन पावलांचं अंतर, त्यासाठी चाळीस पावलं चालले. म्हातारीने नीट पाहिलं.

"भींत है तो ठीक है," ती म्हणाली.

महिन्याभरात त्या भिंतीपलीकडे सतरा बायका बसू लागल्या. विटांची भिंत असती तरी याहून जास्त बसल्या नसत्या. ती भिंत कोणीही ओलांडत नव्हतं, कारण सर ओलांडत नव्हते. तेव्हापासून मीही वळसा घालू लागलो. मला कोणी सांगितलं म्हणून नव्हे.

आमच्यात एक करार होता, तोही सरांनीच ठरवलेला. एकदा मी म्हणालो, की तिसऱ्या वर्गात एकोणतीस जण बसतात, खोली दोन फूट वाढवा. ते एकदम तापले. "आकडे तुमचे, भिंती माह्या. तुम्ही माह्या भिंतीत हात घालू नका, मी तुमच्या आकड्यात घालत नाई."

त्यांनी हे शब्दशः पाळलं. विद्यापीठाचे एक साहेब पाहणीला आले आणि सरांना विचारलं, "कितने छात्र हैं?" सर म्हणाले, "वो मोजणीसाहेब बताएँगे।" मोजणीसाहेब म्हणजे मी. मी त्या वेळी स्कूटरच्या पंक्चरपायी चांदपोलपाशी अडकलो होतो. सरांपुढे सगळे विद्यार्थी बसले होते, ते नुसती नजर फिरवून सांगू शकले असते. नाही सांगितलं. साहेब पस्तीस मिनिटं खुर्चीवर बसून राहिले. मी पोहोचलो, मोजले, चौऱ्याण्णव म्हणून सांगितलं. साहेब जाताना माझ्याकडे अशा नजरेने पाहत गेले, की मला वाटलं, यांनी सरांना वेडा म्हणून लिहिलं तर मला काय लिहितील?

पण त्या दिवशी मला आतून बरंही वाटलं होतं, हे कबूल करतो. ऑफिसात माझ्या आकड्यांची कोणी इतकी किंमत ठेवली नव्हती.

आता तो अकरा.

राजस्थानात कारागीर अमावास्येला, तिकडच्या बोलीत मावसेला, हत्याराला हात लावत नाहीत. गवंडी, सुतार, नगिनेवाले, रंगारी, सगळे बंद. आदल्या संध्याकाळी माणसं सायकलीने नाहीतर बसने आपापल्या गावी जातात, अमावास्या झाली की परततात; बायकाही बहुतेक त्या दिवशी घरच्या पूजेत अडकतात. त्यामुळे आमच्या कॉलेजात महिन्यातून एक दिवस उपस्थिती पडायची. कधी पंधरा, कधी नऊ. माझ्या वहीत ते स्पष्ट दिसत होतं. रोज नव्वदच्या आसपास, महिन्यातून एकदा खड्डा, दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्वद.

त्या सकाळी मी निघताना बायको म्हणाली, "आज अवस आहे. येताना नारळ आणा, स्कूटरपुढे फोडायचाय." म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोयसुद्धा मला नाही. गेलो, मोजले, अकरा लिहिले, नारळ आणला, फोडला.

दोन दिवसांनी दुपारी अध्यक्षांच्या बंगल्यावर कार्यकारिणीच्या सात जणांची बैठक होती; मला वही घेऊन बोलावलं होतं. अध्यक्ष धंद्याने जवाहिरे होते. वागायला गोड. बैठकीत एकच विषय: कानोत्याला धरणाच्या वाटेवर मोठी जमीन मिळते आहे, कॉलेज तिकडे न्यावं आणि शहरातल्या जागेचा 'उचित उपयोग' करावा.

"खुली हवा, पेड़, पास में बाँध," अध्यक्ष म्हणाले. "बच्चे पढ़ेंगे भी, घूमेंगे भी।"

"बच्चे?" सर म्हणाले. "हमारा सबसे छोटा बच्चा उन्नीस का है, साहब। उसके दो बच्चे हैं।"

सगळे हसले. अध्यक्षही हसले. मग सरांनी सांगितलं, की कानोत्याला बस पाऊण तास घेते. जाऊन-येऊन दीड तास आणि दोन तास शिकणं म्हणजे दुकान उघडायच्या वेळेला कोणी पोहोचणार नाही. आणि बायका तर परकोट्याबाहेर येणारच नाहीत. ते नीट बोलले. मला वाटलं, बाजू आपल्याकडे झुकते आहे. सातातले किमान तीन जण मान हलवत होते.

तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"बाबूजी, आप तो रोज गिनते हो। परसों कितने थे?"

मी वही उघडली. "ग्यारह."

"ग्यारह," अध्यक्ष सगळ्यांना म्हणाले. "सुना आपने?"

ज्या माणसाच्या स्वतःच्या कारखान्यात साठ कारागीर नगिने घासतात आणि अमावास्येला ज्याचा स्वतःचा कारखाना बंद असतो, त्याला परवा कोणता दिवस होता हे माहीत नव्हतं, यावर मी विश्वास ठेवत नाही. त्याने महिन्यातला तोच दिवस निवडून विचारला. आणि त्याला हेही माहीत होतं, की विचारलं तेवढंच उत्तर देणारा माणूस समोर बसला आहे.

आमच्या ऑफिसचा तो नियमच होता. गाडी किती उशिरा? बत्तीस मिनिटं. कारण विचारलं तर कारण सांगायचं, त्यासाठी वेगळा रकाना असतो. न विचारता कारण सांगणारा माणूस स्वतःला वाचवू पाहतो, असं आम्हाला शिकवलं होतं. अठरा वर्षं मी तसाच वागलो होतो. तोंडाशी आलं होतं, 'पण परवा अमावस होती, ही पाहा वही, काल सत्त्याऐंशी होते.' सहा सेकंदांत सांगून झालं असतं. मी वही बोटाने धरून बसलो आणि सरांकडे पाहिलं. ते सांगतील, असं वाटलं.

सर माझ्याकडे पाहत होते. ते थांबले होते. आकडे माझे होते ना!

तेवढ्यात चहा आला. कपबशा मांडल्या गेल्या, साखर किती असं विचारणं झालं आणि चहा संपेपर्यंत ठराव झाला होता. पाच विरुद्ध दोन.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, मी सांगायला हवं होतं."

"आकडा बरोबर होता," सर म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

एवढंच. नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटे, एकदा तरी शिव्या घालाव्यात. चारचौघांत म्हणावं, की या माणसामुळे गेलं. नाही. करार पाळायचा म्हणजे पाळायचा! नव्वद माणसांचं शिक्षण बुडालं तरी दुसऱ्याच्या रकान्यात शब्द घालायचा नाही. असल्या तत्त्वाचा मला आजही संताप येतो. त्या दिवशी त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझी भिंत ओलांडली असती तर? सांडाला माफ केलं होतं, स्वतःला का नाही?

पण हे मी कोणाबद्दल बोलतो आहे? वही माझ्या मांडीवर होती.

कॉलेज कानोत्याला गेलं. नव्वदांतले तेवीस गेले, तेही दोन महिने. आता तिथे दिवसा शिकू शकणारी मुलं शिकतात. त्यांच्यासाठी शहरात आधीच भरपूर कॉलेजं होती.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते नोहऱ्यातच. 'उचित उपयोग' म्हणजे दुकानांचे गाळे, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. दगडांच्या गाड्या रिकाम्या होत होत्या, चुन्याच्या रेघा ढिगाखाली गेल्या होत्या आणि सर ठेकेदाराच्या माणसाबरोबर ओणवे होऊन सुतळी ताणत होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"या लोकायचा काटकोन चुकला होता. चार बोटं."

"अहो सर, कॉलेजच्या छातीवर गाळे बांधतायत आणि तुम्ही त्यांना काटकोन काढून देताय?"

"वाकडं बांधलं तं पडन कोणाच्या अंगावर," सर म्हणाले. "गल्लीतलेच लोक हायेत, मोजणीसाहेब."

मी स्कूटर काढली आणि निघून आलो. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होऊन अकोल्याला गेले. मी स्टेशनवर गेलो नाही. माझं ऑफिस स्टेशनपासून तीन मिनिटांवर होतं आणि त्यांची गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली, हे मला नंतर कागदावर दिसलं.

स्मरणिका आली, त्या रविवारी ती घेऊन मी गल्लीत गेलो. गाळे बावीस आहेत. काटकोनात आहेत. समोरच्या ओसरीवर सुगनी मांडीवर कापड घेऊन गाठी मारत बसली होती. बी. ए.ची तिची दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलं ते राहिलंच. सासू वारली, पण आता कानोत्याला जायला घरातून कोणी सोडत नाही आणि तिचंही वय झालं, असं ती म्हणाली.

मी स्मरणिका दिली. तिने बोटावरचा दोरा सोडला, हात पुसले आणि ते दीड पान वाचलं. एका ठिकाणी थांबली.

"ये ग्यारह तो मावस का है, बाबूजी।"

"हाँ।"

"मुझे याद है। मावस को काम बंद रहता है तो मैं तो जरूर आती थी। उन ग्यारह में एक मैं थी।" मग तिने मान वर केली. "आपने बताया नहीं उनको, कि मावस थी?"

"किसी ने पूछा नहीं।"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला न समजणाऱ्या भाषेत काही बोललो असावं, तशी.

"इसमें पूछने का क्या था?" ती म्हणाली आणि स्मरणिका मिटून माझ्या हातात दिली. पुन्हा दोरा घेतला, पुन्हा गाठी.

मला पलीकडच्या बाजारात जायचं होतं. गाळ्यांच्या मधून एक बोळ काढला आहे, सगळे तिथूनच जातात. मी बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि कोपऱ्यात उरलेल्या कोनशिलेपासून अंतर धरून मनात नकाशा लावून पाहिला. बोळ बरोबर दुसऱ्या वर्गातून जातो. बायकांच्या भिंतीतून.

मी मागे फिरलो आणि सगळ्या गाळ्यांना वळसा घालून गेलो. एकशे सहा पावलं जास्त पडली.